एक लांब, दोन आखूड

ईस्टरच्या जेवणाला मी विषय काढला,
धुरी दिलेलं मटण अजून ताटात होतं.
म्हटलं, हे ॲप सोडू या सगळे, दुसरं घेऊ,
त्यात आपलं बोलणं आपल्यातच राहतं.
मेहुणा, बेर्गस्वेन, बटाटा सोलत म्हणाला,
"कर नाही त्याला डर कशाची?"
मग सांग, म्हटलं, मेंढ्या किती मोजल्यास
आणि सरकारी कागदावर किती लिहिल्यास.
त्याची सुरी थांबली.
आईने आमच्या मधे लोण्याची वाटी सरकवली,
म्हणाली, बाळाचे सगळे फोटो तिथे आहेत गं.
आणि भाची, स्नेफ्रीदुर, मान वर न करता:
"आत्या, तिथे कुणीच नसतं."

मे महिन्यात मी बाणेदारपणे जुन्या ग्रुपमधून निघाले.
नव्या घरात आम्ही तिघं:
मी,
भाऊ, ज्याने नाव घातलं आणि परत दार उघडलं नाही,
आणि दाताची डॉक्टर ओद्नी, जी कशालाही अंगठा दाखवते.
रात्रपाळीत मी तिथे शुभ रात्री लिहायचे.
अंगठा यायचा.

सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या उतरवतात.
बर्फाचा अंदाज होता, दिवस एक अलीकडे घेतला,
साऱ्या खोऱ्याला कळलं.
मी शनिवारी पोचले, नवे बूट घालून.
कोंडवाड्यात चिटपाखरू नाही.
तारेला ओली लोकर,
लेंड्यांवर वाफसुद्धा उरली नव्हती.

हाल्बेरा मावशीकडे दिवा होता.
तिने विचारलं नाही काही, कॉफी ओतली.
मग म्हणाली, आमच्या वेळी एकच तार, नऊ शेतं.
आमची खूण एक लांब, दोन आखूड.
घंटा वाजायची नऊ घरी
आणि रिसीव्हरही उचलला जायचा नऊ घरी.
मी ओळखायचे कोण कोण आहे ते:
कुणाचा दमा, कुणाची किटली,
वरच्या शेतावरचं ते लंगडं घड्याळ.

हेरिंगच्या मोसमात त्याचा फोन आला, सिग्लुफ्योर्दहून.
येत नाही म्हणाला. पत्र लिहीन म्हणाला.
आठ घरं ऐकत होती.
तो गप्प झाल्यावर मी घड्याळाचे टोले मोजले,
अकरा होते.
कुणीही आधी खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी रुबार्बच्या मुरांब्याच्या तीन बरण्या.
चिठ्ठी नाही.
त्या हिवाळ्यात लग्नाचं कुणी विचारलं नाही मला,
नाचाला मात्र सगळ्यांनी बोलावलं.

मावशीने साखरेचा खडा दातांत धरला.
"आता कोण ऐकतं?"
मी सुरू केलं, कंपन्या, सर्व्हर, कोण कुणाला बोलतं त्याची नोंद,
आणि मधेच मला माझाच कंटाळा आला.
"माहीत नाही," म्हटलं.
"श्वास ऐकू येतो?"
नाही.
"बरणी ठेवून जातात?"
उलट, मावशी, बरण्या विकायला येतात.

ती बराच वेळ खिडकीकडे बघत बसली,
काचेत दिसण्यासारखं काही नव्हतं, आम्हीच होतो.
मग ॲप्रनच्या खिशातून फोन काढून
पिठाच्या बोटांनी माझ्यापुढे ठेवला.
"घाल ते तुझं काय ते.
आणि माझी खूण तीच ठेव."

बेर्गस्वेन अजून जुन्याच ठिकाणी आहे,
आईही, बाळाच्या दातांसकट.
मीसुद्धा गुपचूप परत गेले तिकडे, मेंढ्यांपुरती.

पण सोमवारी, वॉर्ड चारच्या बोळात,
दोन्ही हातांत चादरी असताना
माझा खिसा थरथरला:
एक लांब, दोन आखूड.

"ऐकू येतंय का?" तिने लिहिलं होतं.
चादरी खाली ठेवून मी लिहिलं, "हो. फक्त मला."

ती लिहिते आहे, लिहिते आहे, असं
किती तरी वेळ दिसत राहिलं.
मग आलं:
"सवय व्हायला वेळ लागेल."